पाऊलवाले सर

कुणीही उत्तर घेऊन आलं की सर आधी विचारत, "पाऊल किती घेतलंस?" म्हणून ते पाऊलवाले सर. गंगाखेडच्या एका साखर कारखान्यात ते कंत्राटावर होते. चाळिशीत नव्याने लागलेली मी त्यांच्या हाताखाली. बॉयलरमध्ये उसाचा भुसा कमीत कमी जळावा, यासाठी हवेचं प्रमाण शोधणारा आमचा प्रोग्रॅम होता. आकडा जरासा हलवायचा, उत्तर किती बदललं ते पाहायचं आणि उतार कुठे आहे ते ठरवायचं. तो 'जरासा' म्हणजे पाऊल.

"लय मोठं टाकलं तर मधलं वळण हुकतंय. लय बारीक टाकलं तर फरकच दिसत न्हाई," सर म्हणत. ते पाऊल दहापटीने कमी करत जात, प्रत्येक वेळचा उतार कागदावर मांडत आणि सलग तीन उतार जुळले तरच पुढे सरकत. मी या पायऱ्यांची यादी करून भिंतीवर लावली, तेव्हापासून मी 'यादीबाई' झाले.

सरांच्या पत्नीचं डायलिसिस गंगाखेडलाच चालू होतं. कारखान्याच्या क्वार्टरमधून दवाखाना पाच मिनिटांवर. एकदा सर तिकडे असताना मी एकटीने प्रोग्रॅम चालवला. बारीक म्हणजे अचूक, असं समजून पाऊल अतिबारीक ठेवलं आणि तीन उतार ताडून पाहिले नाहीत. प्रोग्रॅम उत्तर दोनच दशांश स्थळांपर्यंत देई; त्यामुळे फरक आला शून्य. उतार संपला असं समजून त्याने सुरुवातीचे अंदाजाचे आकडेच सर्वोत्तम म्हणून छापले. बॉयलर पंधरा दिवस त्यावर चालला आणि ऐन हंगामात भुसा संपला.

चौकशीच्या बैठकीत सर म्हणाले, "पाऊल मी ठरवलं." मी वहीत पाहत राहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, असं का केलंत?"

"तू कच्ची हायेस, तुला लगेच काढतील. मला काढून बॉयलर कोण सांभाळंल? घाबरू नको, यादीबाई."

त्यांचा अंदाज चुकला. महिनाअखेर कारखान्याने सरांचं कंत्राट संपवलं, क्वार्टर गेलं, आणि दोघं त्यांच्या गावी, पालमला परतली. तिथून डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा एसटीने गंगाखेडला यायचं. पत्नीला ते झेपेना. खाडे पडू लागले. उन्हाळ्यात त्या गेल्या.

मी पालमला भेटायला गेले. सर ओसरीवर बसले होते.

"सर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."



"हो," ते म्हणाले. "बोलायला पायजे होतं."