तात्पुरती तार

लेस्कोवाट्स शहरात जुलै लागला की रादिसावच्या गाडी-दुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नवालाच भट्टी पेटते. एकसष्टीचा माणूस. गुडघे कुरकुरतात, कंबर वाकली की सरळ व्हायला वेळ घेते, आणि चाळीस वर्षं गाड्यांच्या तारा जोडून बोटांची टोकं अशी मेलीत की गार-गरमही मनगटानं तपासावं लागतं. त्या दिवशी तो दारात स्टुलावर कॉफीचा कप नुसताच धरून बसला होता. प्यायचाही कंटाळा.

तेवढ्यात ल्युबिशाची जुनी डिझेल गाडी येऊन थांबली.

हा ल्युबिशा डोंगरातल्या गावांमधून आजारी माणसांना डायलिसिससाठी शहरात आणतो, आठवड्यातून तीनदा. त्यासाठी सरकारी गाडी आहे म्हणे. असेल. कागदावर धावत असेल, रस्त्यावर कुणी पाहिलेली नाही.

"मिस्त्री, एसी गरम फुंकतोय."

"किती गरम?"

"केस वाळवायचे असतील तर या."

"केस आहेत कुठे मला?"

"थट्टा राहू द्या. परवा स्तामेना आजी गाडीतच कोसळली. आता म्हणते, त्या भट्टीत पुन्हा पाय ठेवणार नाही, मरायचंच तर माझ्या खाटेवर मरेन. आज बाराला तिला उचलायचंय. एक डायलिसिस चुकलं की तिच्या छातीत पाणी चढतं."

खिडक्या का नाही उघडल्यास, हे रादिसावनं विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच ते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की वाऱ्याचा झोत मानेत शिरतो, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं जातात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांची मूत्रपिंडं कधीच गेलीत, तेही हेच बजावतात आणि काचा वर करून घेतात.

"गॅस कुणी भरला?"

"समोरच्या तिहोमीरनं. पंधरा दिवसांत दोनदा."

तिहोमीरचं नाव निघालं आणि रादिसावच्या मेलेल्या अंगात जीव आला. रस्त्यापलीकडे त्याच्या गॅरेजचं काचेचं दार, आत गारवा, आणि गॅस भरून झाला की कागद छापून देणारं यंत्र. दहा वर्षांत अर्धं गिऱ्हाईक तिकडे गेलेलं.

"गॅस नाही भरला त्यानं. तुला टोपी घातली! ते यंत्र नुसता कागद छापतं."

बॉनेटला हातही न लावता बोलला तो हे. ल्युबिशा तडक रस्ता ओलांडून गेला. पाठोपाठ आवाज आला, "चोरा! मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्यांना लुबाडतोस?" काचेच्या दारात गिऱ्हाइकं गोळा झाली.

रादिसावनं समाधानानं गॅस मोजायच्या नळ्या जोडल्या. काटा पाहिला. पुन्हा पाहिला.

गॅस होता. हवा तेवढा, बरोब्बर.

कॉम्प्रेसर 'टक्' करून लागला. आत जाणाऱ्या नळीला मनगट लावलं. नळी बर्फासारखी, वर घाम सुटलेला. म्हणजे गारवा तयार होत होता आणि आत कुठेतरी वाया जात होता. तो देवाला आणि गुडघ्यांना शिव्या घालत डॅशबोर्डखाली आडवा झाला. बॅटरी तोंडात धरली.

गार हवा सोडायची की गरम, हे ठरवणारी एक झडप असते. ती गरमाकडे ओढून तारेनं बांधलेली होती. तांब्याची तार. दोन पीळ, आणि बोटाला टोचू नये म्हणून टोक आत दुमडलेलं.

असं टोक दुमडणारा अख्ख्या लेस्कोवाट्समध्ये एकच माणूस होता.

मग आठवलं. जानेवारी. डायलिसिस करून बाहेर पडलेली स्तामेना आजी ओठ निळे पडून कुडकुडत होती, झडपेची केबल तुटलेली, गाडीत गार वारा. ल्युबिशा गाडी घेऊन इथंच आला होता. "तात्पुरती बांधतो, केबल मिळाली की बघू," आपणच म्हणालो होतो. दोघंही विसरले.

तो तसाच पडून राहिला. पाठीखाली गाडी तापलेली, घाम कानात शिरत होता. कात्रीनं तार कापायची, खिशात टाकायची, बस. ल्युबिशा मिठी मारेल. तिहोमीर जन्मभर चोर. कोण बघतंय?

पलीकडून ल्युबिशाचा आवाज अजून येतच होता.

तार त्यानं सोडवली. झडपेला नवी तार जोडून बाहेर काढली आणि तिच्या टोकाला बाटलीचं बूच खोचलं. ओढलं की हिवाळा, ढकललं की उन्हाळा. बूच ढकललं, मनगट धरलं. गार. मग जुनी तार मुठीत घेऊन निघाला. वीस पावलांचा रस्ता, पण डांबर चपलेला चिकटत होतं.

त्यानं गिऱ्हाइकांसमोरच तार टेबलावर ठेवली.

"गॅस ठीक आहे, तिहोमीर. झडप मी बांधली होती. जानेवारीत. चोर म्हणायला यालाही मीच पाठवलं, न बघता."

तिहोमीरनं तार उचलून दुमडलेलं टोक निरखलं.

"मीही आत डोकावलो नाही," तो म्हणाला. "यंत्रानं ठीक सांगितलं, मी मान डोलावली. वाकायचा कंटाळा."

"मग आता मी शिव्या कुणाला घालू?" ल्युबिशा लालबुंद झाला होता.

"आधी तिहोमीरची माफी माग. मग मला घाल. पण गाडीत बसून घाल, अकरा वाजून गेलेत."

दवाखान्याचा रस्ता शेडवरूनच जातो. एकच्या सुमाराला गाडी दिसली तेव्हा रादिसाव स्टुलावर होता, कॉफीवर साय धरलेली. साऱ्या काचा वर. पुढच्या सीटवर स्तामेना आजी बसली होती, चाळीस डिग्रीत गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून. समोरची गार हवेची जाळी तिनं तळहातानं घट्ट दाबून धरली होती आणि ल्युबिशाला काहीतरी खडसावून सांगत होती.

रादिसावनं हात वर केला. तिचा एक हात जाळीवर, दुसरा मफलरवर होता, म्हणून तिनं मान हलवली.