भिंतीपलीकडची कोठी

प्रभाकर गेल्याचा फोन सौंसरहून आला, तेव्हा त्याची कोठी माझ्या लॅपटॉपवर उघडीच होती. भाच्याच्या साखरपुड्याला गेला अन् बसस्टँडवरच कोसळला... इकडे पांढुर्ण्यात त्याचे फोल्डर नेहमीसारखे ओळीने दिसत होते. मला त्याचा रागच आला. असं कोणी जातं का?

आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझा जुना लॅपटॉप रडतखडत चालायचा, तेव्हा तहसिलीतून रिटायर झालेल्या या गड्याने त्यात लिनक्स टाकलं. आपल्या बैठकीतल्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क जोडली, तिला 'कोठी' नाव दिलं आणि दोघांचं सगळं तिच्यात साठवायला लागला. जाड भिंतीतून वायफाय येईना, तर भिंतीला भोक पाडून वायर ओढली. दोन्ही घरच्या बायकांची बोलणी खाल्ली, पण ऐकलं नाही. मग माझ्या लॅपटॉपमध्ये एक ओळ लिहिली. लॅपटॉप सुरू झाला की आधी कोठी शोधायची, मगच पुढे जायचं.

"अन् तुह्या घरची बत्ती गेली त?" मी विचारलं होतं.

"त थांबजो. मी चालू करूनच राहिलो असन."

रोज सकाळी त्या भोकातून त्याची हाक यायची, "लागली काय बे?" मी "लागली" म्हटल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे.

तेरवीपर्यंत कोठी लागत होती. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू होतानाच अडला, बराच वेळ वाट पाहून रिकामाच उघडला. "बाबा, ती ओळ काढून टाका," मुलगी फोनवर म्हणाली. पण माझ्या आईने लग्नात म्हटलेली गाणी फक्त कोठीत होती, आणि प्रभाकरच्या घरच्या वहिनी तर घर बंद करून मुलाकडे नागपूरला निघालेल्या. दुःखाच्या घरी जाऊन कॉम्प्युटर लावा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? अंगणात येरझाऱ्या घालून पाय दुखले. जेवण जाईना. शेवटी त्यांच्या दारात उभा राहून एका दमात बोलून टाकलं.

"मले का मालूम भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "त्याचा लाइट जळून राहिला होता. तेरवी झाली, मंग दिव्यासंगं त्यालेबी इझवलं."

दुसऱ्या सकाळी मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. भोकातून आवाज आला, "लागली काय, भाऊजी?"

कोठी लागली होती. पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते. आईची गाणी मी तशीच माझ्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली.

आता पलीकडे कुलूप आहे. वायर भोकातून अजून तशीच लोंबते. गाणी माझ्याकडे आली, त्या ओळीचं काही काम उरलं नाही. मुलगी दर फोनला आठवण देते, मी हो म्हणतो. रोज सकाळी लॅपटॉप अडतो, कोठी शोधत राहतो, आणि मी गॅसवर चहा ठेवतो. चहा उकळेपर्यंत तो थकून पुढे जातो. मग मी भोकाजवळ जाऊन सांगतो, "नाही लागली रे..." आणि चहा गाळायला घेतो.