महालाबाहेरचा बाक

सगळा जन्म बंगळूरमध्ये काढून आईनं बंगळूर पाहिलेलंच नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, आणि तेही डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. त्यांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं टिकेल तितकी टिकेल, असं म्हणाले. बाहेर रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "मार्केटजवळचा तो लाकडी महाल आतून बघायचाय गं. भिंतींवर फुलं काढलीत म्हणतात सगळे."

मला वाटलं, थट्टा करतेय. त्या महालाला ती किती वेळा गेली असेल याला गणतीच नाही. आमचं घर तेव्हा चिकपेटेत, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कापडाच्या दुकानावर. मे महिना लागला की कोल्हापूर-बेळगावचे पाहुणे येत आणि त्यांना गाव दाखवायचं काम आईकडे असे. पुरी-भाजीचा डबा घेऊन ती त्यांना महाल, राजवाडा, म्युझियम सगळीकडे न्यायची आणि दारात पोचलं की म्हणायची, "मी बसते इथं स्वल्प. पिशव्या द्या इकडं." गाव आपलंच, कधीही बघू. पिकतं तिथं विकत नाही ते असं. मी तरी कुठं शहाणी? शाळेच्या सहलीनंतर मीही तिथं पाऊल टाकलेलं नव्हतं.

मी एका शुक्रवारची रजा काढली. दोघींनीच जायचं ठरलं. गुरुवारी संध्याकाळी चुलत भावाचा फोन आला. बायको आणि दोन मुलांना घेऊन म्हैसूर करून परत निघालाय, शुक्रवारी संध्याकाळी यशवंतपूरहून कोल्हापूरची गाडी आहे, तोवर आमच्याकडेच. "तुम्ही जाताच आहात तर आम्हीही येतो की." मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत आईनं फोन घेऊन त्यांना नाश्त्यालाच बोलावलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

आता आम्ही राहतो त्या येलहंक्याहून निघता निघता अकरा वाजले. हेब्बाळला पाऊण तास अडकलो. भाऊ सारखा "तुमच्या बंगळूरचं ट्रॅफिक" म्हणत होता, जणू त्या गाड्या मीच आणून उभ्या केल्या होत्या. उतरल्यावर आधी डोसा, मग वहिनीला साड्या. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि आई मला डोळ्यांनी दटावायची. पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करायचं नाही हा आमच्या घरचा कायदा. महालापाशी पोचेपर्यंत साडेतीन झाले होते.

तिथं तिकीट फोनवर काढायचं. नेट चालेना. मी उन्हात फोन वर धरून उभी, मागून भाऊ सूचना देतोय, मुलं फाटकाला लोंबकळतायत. तळपायाची आग मस्तकात गेली होती. कशीबशी तिकिटं निघाली, मुलं आत पळाली आणि त्यांच्या मागे मी.

वरच्या मजल्यावर कमानींतून ऊन आत आलं होतं. भिंतींवर खरंच फुलं होती, विटलेली, तरी लाल आणि हिरवा ओळखू येत होता. "आई, हे बघ," म्हणून मी वळले. मागे वहिनी फोटो काढत होती. आई नव्हती.

ती बाहेर झाडाखालच्या बाकावर होती. साड्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या टोप्या, सगळं मांडीवर आणि दोन्ही बाजूंना घेऊन. त्यात माझी पर्सही होती. फोन दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून मीच दिली होती. तिनं सवयीनं हात पुढे केला होता आणि मीही सवयीनंच दिली. तिचं तिकीट माझ्या फोनमध्ये तसंच होतं. दिवसभर मी मनात भावाला शिव्या घालत होते, आता कुणाला घालणार?

भावाला म्हटलं, जरा सामानाशी बस. "हो हो, दोनच मिनिटं," म्हणाला आणि बायको-मुलांना घेऊन बागेत आणखी फोटोंसाठी गेला. तो परतला तेव्हा पाच वाजत आले होते. आई म्हणाली, "राहू दे गं आता. त्यांची गाडी चुकेल."

"चुकू दे," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. तिला दंडाला धरून जवळजवळ ओढतच आत नेलं.

जिना उंच पायऱ्यांचा. ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. आम्ही वर पोचलो तोवर ऊन कमानींवरून उतरलं होतं आणि आत अंधारल्यासारखं झालं होतं. पहारेकरी म्हणाला, "टैम आयतु अक्का," वेळ संपली. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. आईला अगदी भिंतीपाशी नेलं, तिचं बोट धरून दाखवलं. हे फूल. हा देठ. हे लाल आहे बघ.

तिनं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. डोळे बारीक केले. कमी उजेडात तिला आता काहीच दिसत नाही, हे मला घरी रोज दिसत होतं.

"मघाशी उजेड होता का गं इथं?" तिनं विचारलं.

"होता."

"सरी, बरं झालं. मग पाहुण्यांना नीट दिसलं असेल," ती म्हणाली, आणि जिन्याचा कठडा चाचपडू लागली.