पाच उंदरांची ऊब

त्याला सगळे उंदीरमामा म्हणत, आणि त्या नावात चेष्टा कमी, मान जास्त होता. मेंदूवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर चारशे पांढरे उंदीर होते. त्यांचं खाणंपिणं, भुसा बदलणं, वजनं घेणं गेली बावीस वर्षं मामाकडे. वरच्या मजल्यावर उंदीर म्हणजे नुसते नंबर. मामाला मात्र एकशे सतरा नंबर आज नीट जेवला नाही, हे दारातूनच कळायचं. घरात झुरळ निघालं की हाच शूरवीर खुर्चीवर चढतो, हे त्याची बायको कुणालाही हौसेने सांगायची.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दोन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या. झोप पळवणाऱ्या गोळ्या असतात ना, ॲम्फेटामाइनच्या जातीच्या, लांबच्या पल्ल्याचे ड्रायव्हर घेतात, परीक्षेला बसणारी पोरं घेतात. त्या गोळ्यांनी मेंदूचं नुकसान होतं का, आणि किती घेतल्यावर? दहा उंदरांना अगदी थोडं औषध टोचलं, दहांना नुसतं मिठाचं पाणी. पुढे मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर औषधवाल्या दहाही उंदरांच्या मज्जातंतूंची टोकं झडलेली. एवढ्याशा औषधाने एवढी नासधूस! बाईंना आभाळ ठेंगणं झालं. निबंध लिहून झाला, सोमवारी छापायला पाठवायचं ठरलं.

शुक्रवारी बाई दोन नव्या विद्यार्थिनींना तळमजला दाखवायला घेऊन आल्या. मामा कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या घासत होता.

"हे औषध अंग तापवतं," बाई सांगत होत्या. "उंदीर एकत्र ठेवले तर एकमेकांच्या उबेने आणखी तापतात, आणि मग मेंदूचं नुकसान कितीतरी वाढतं. म्हणून टोचल्यावर प्रत्येकाला वेगळं ठेवायचं."

मामाने हातातली बाटली खाली ठेवली. वेगळं ठेवायचं ते भांडू नयेत म्हणून, असंच तो इतकी वर्षं समजत आला होता. खालच्या मजल्यावर हुकूम उतरतात, कारणं वरच राहतात.

प्रयोगाच्या दिवशी टोचून झाल्यावर बाई मीटिंगला गेल्या होत्या. दहाही उंदीर आपापल्या पिंजऱ्यात केस पिंजारून थरथरत होते, माना सारख्या हलवत होते. बिचाऱ्यांना थंडी वाजतेय, असं मामाला वाटलं. त्याने पाच-पाच जणांना एकेका मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं, आणि बाई यायच्या आत पुन्हा वेगळं केलं. वेगळे ठेवलेत म्हटल्यावर ताप मोजायची गरज कुणाला वाटली नव्हती. माया करायला गेला आणि घात करून बसला.

घरी बायको शाळेचे गणवेश शिवत होती. तिने मशीन न थांबवता सगळं ऐकलं.

"कुणी पाहिलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग झाकली मूठ राहू द्या की! नोकरी जाईल अशानं."

"अगं, ते छापून येणार. शिकलेली माणसं खरं मानणार."

मशीन थांबलं. सोमवारी सकाळी तिने दोन घास जास्तच वाढले. "सांगायचंच आहे तर उपाशीपोटी सांगू नका," म्हणाली. अशी बायको मिळायला नशीब लागतं, आणि हे मामाला पुरतं ठाऊक होतं.

बाईंनी उभ्यानेच ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दोन वर्षं, मामा."

"हो मॅडम."

"तुम्ही जा आता. मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

तीन दिवस त्या खाली फिरकल्या नाहीत. त्यांना तरी काय म्हणायचं? हातातोंडाशी आलेला घास गेला होता. पण निबंध त्यांनी पाठवला नाही, एवढं मान्य करायलाच हवं. मामा रोज डबा घेऊन यायचा आणि आज नोकरी गेली असं समजूनच पिंजरे साफ करायचा.

चौथ्या दिवशी बाई कागद घेऊन आल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"किती जण एका पिंजऱ्यात होते? किती वेळ?"

"पाच-पाच. दोन तास."

"तेच पुन्हा करायचं. तेवढंच औषध, तेवढाच वेळ. काही एकेकटे, काही एकत्र. दर पंधरा मिनिटांनी ताप मोजायचा. म्हणजे नक्की काय झालं ते कळेल." त्यांनी कागदाची घडी घातली. "उंदीर एकत्र ठेवायला मी दुसरं कुणी आणते. तुम्हाला जमायचं नाही."

"नको मॅडम. परक्या हाताला घाबरतात ती."

ठरलेल्या दिवशी मामाने टोचलेले पाच उंदीर एकेक करून मोठ्या पिंजऱ्यात सोडले. आपण काय करतोय, हे या वेळी त्याला माहीत होतं. पाचही जण एकमेकांना चिकटले, एकमेकांच्या पाठीवर नाकं टेकवून थरथरत राहिले. मामा ताप मोजायचा, आकडा लिहायचा, आणि आकडा दर खेपेला वर चढायचा. बाई शेजारी उभ्या होत्या. मामाचे डोळे भरून आलेले त्यांनी पाहिले आणि त्यांनाही राहवेना.

"मामा, करू या का वेगळे?"

मामाने घड्याळाकडे पाहिलं.

"वेळ नाही झाली मॅडम. अजून पाऊण तास आहे."