कानाला लावलेली डिस्क

चूक माझी होती, आणि ओरडलो मी दुकानदारावर. घरच्या सर्व्हरने, म्हणजे सगळं साठवून ठेवणाऱ्या संगणकाने, वीज कमी खावी म्हणून मीच त्यातली डिस्क दर दोन मिनिटांनी बंद होईल असं करून ठेवलं होतं. ती बिघडली. वारलेल्या आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग फक्त तिच्यातच होतं.

"खराब माल गळ्यात मारलास," डिस्क विकणाऱ्या कोपर स्टेशनजवळच्या त्या दुकानदाराला मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो.

त्याने पंखा बंद केला, डिस्क चालू करून कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काका, सारखं झोपवून उठवलंत हिला. दमलीये. बघू, बोलते का."

त्याने ती आपल्या संगणकाला जोडली, आणि बऱ्याच वेळाने स्पीकरमधून आई लोणच्याचं प्रमाण सांगू लागली.

गिऱ्हाइकं अजून तिथेच होती. त्यांच्यासमोरच म्हणालो, "चूक माझी होती. तुम्हाला नको ते बोललो, माफ करा."