स्पेनची बाजू घेणारे चाचा

आमच्या शेजारच्या चाचांनी स्पेनची जेवढी बाजू घेतली तेवढी खुद्द स्पेनच्या राजानंही घेतली नसेल. राजाला इतरही कामं असतील. श्रीरामपूरच्या रेल्वे मालधक्क्यावरून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या चाचांना नव्हती. अमेरिकेनं इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य मिळवलं ते स्पेनच्या मदतीनं, आणि जगानं ते नाव गिळून टाकलं, ही त्यांची एकमेव तक्रार. नोकरीत असताना बेवारस पार्सलांच्या लिलावात त्यांनी एक पेटी घेतली होती. तिच्यात भांडी निघतील अशी चाचींची आशा होती. निघालं एक इंग्रजी इतिहासाचं पुस्तक. त्यातलं फ्रान्सच्या मदतीचं प्रकरण वाळवीनं फस्त केलेलं, स्पेनचं मात्र शाबूत. त्यामुळे चाचांच्या लेखी फ्रान्स त्या लढाईत उतरलाच नव्हता. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, म्हणून एकदा भीत भीत फ्रान्सचं नाव काढलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, पान दाखवा."

लढाईत त्यांना तलवारीपेक्षा सामानाचं कौतुक जास्त. "लढाई कोण जिंकतो सांगू? ज्याला माल टायमावर मिळतो तो," असं म्हणून ते स्पेननं गुपचूप धाडलेली बंदुकीची दारू, घोंगड्या, औषधं असं सगळं मोजून दाखवत, जणू स्वतःच उतरवून घेतलं होतं. टेक्सासहून सैन्यासाठी हाकलत नेलेल्या गुरांविषयी त्यांना विशेष जिव्हाळा. वाटेत त्या गुरांना पाणी कुठं पाजलं असेल, ही काळजी ते अजून करत. चहाच्या टपरीवर टेबलावर पाणी सांडून ते मिसिसिपी नदी काढत आणि तिच्या मुखाशी ओला ग्लास टेकवून समुद्र करत, मग तिथल्या स्पॅनिश सुभेदारानं इंग्रजांची एकेक ठाणी कशी घेतली ते दाखवत. एकदा ते म्हणाले, "मग सुभेदारानं मोबाईल घेतला," तेव्हा शेजारच्या टेम्पोवाल्यानं कितीला, म्हणून विचारलं. मोबाईल हे तिथलं गाव आहे, हे त्याला समजावण्यात त्याची भाडी चुकली. स्वातंत्र्यदिनाला शाळेत दोन मिनिटं बोला म्हटलं, तर सुभेदाराची जहाजं पेन्साकोलाच्या खाडीत शिरेपर्यंत मुलं उन्हात उभी होती. शेवटी शिपायानं आपल्या अधिकारात घंटा दिली. चाची म्हणत, "ह्यांना माझ्या भावांची नावं धड येत न्हाईत, पर त्या सुभेदाराचं समदं खानदान पाठ हाय."

मी मात्र त्यांचा नेमाचा श्रोता होतो. म्हणूनच माझी अमेरिकेतली मुलगी तिच्या अमेरिकन साहेबांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन शिर्डीहून परत जाताना आमच्याकडे जेवायला येणार, ही बातमी मी सर्वांआधी चाचांना दिली. ते म्हणाले, "खरा अमेरिकन? मला पाच मिनिटं द्या, सर. भांडायचं न्हाई. फकस्त इचारायचंय, तुमच्या पुस्तकात स्पेनचं नाव हाय का." महिनाभर खपून त्यांनी इंग्रजीत आठ पानं लिहिली. स्पेलिंगं मी तपासली, छान झालंय म्हणालो.

आणि आदल्या दिवशी मी कच खाल्ली. ती आठ पानं, ते टेबलावरचं पाणी, मुलीचे साहेब. मुलीनं एका शब्दानंही काही सुचवलं नव्हतं. सुचवलं असतं तर आज दोष द्यायला कुणीतरी असतं. मी चाचांच्या दारात जाऊन सांगितलं, "पाहुण्यांचं रद्द झालं. शिर्डीहूनच परस्पर विमानाला जातायत."

"अमेरिकन मानूस, त्याला टाईम कुठनं असनार," चाचा म्हणाले आणि वर मलाच चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवत असताना फाटक वाजलं. मी बाहेर आलो. चाचा घरच्याच कपड्यात, हातात पेरूंची पिशवी. "वहिनींनी एवढी तयारी केलेली, वाया गेली. त्यांचं मन खट्टू झालं असेल, म्हणून आलो," एवढं म्हणेपर्यंत त्यांची नजर उंबऱ्याजवळच्या मोठाल्या बुटांवर गेली. आतून इंग्रजी ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून पाहिलं नाही, हे मला नंतर कळलं. पिशवी कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "जेवा तुमी, सर. पाहुन्यांना ताटकळत ठेवू नका."

आत साहेबांनी विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, "पेरूवाला."

ते पेरू साहेबांनी आवडीनं खाल्ले. मला गप्प बसवेना. काहीतरी फेडावं म्हणून मी विचारलं, तुमच्या स्वातंत्र्याला स्पेननं मदत केली, हे तुम्हाला शिकवलं होतं का? साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, अगदी थोडं, सांगा की. मग मी सगळं सांगितलं. दारू, घोंगड्या, गुरं, मोबाईल, पेन्साकोला. चाचांचं वाक्यन् वाक्य. साहेबांनी वहीत टिपून घेतलं. मुलगी अभिमानानं म्हणाली, बाबांचं वाचन दांडगं आहे. तेव्हा तरी मला चाचांचं नाव घेता आलं असतं. मी पेरूची आणखी एक फोड पुढे केली.

चार दिवस मी चाचांचं घर चुकवून हिंडलो. पाचव्या दिवशी टपरीवर त्यांनीच हाक मारली. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, पेरूवाला म्हणालो तेसुद्धा. त्यांनी कप खाली ठेवला.

"मोबाईल आधी सांगितलं ना, पेन्साकोलाच्या?"

"आधीच सांगितलं."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि चाचींच्या गुडघ्याचं सांगू लागले.

आम्ही आजही रोज भेटतो. ते माझ्याशी पूर्वीइतक्याच मायेनं वागतात, ईदला शिरखुर्मा येतो, माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी होते. नव्या माणसाला ते स्पेनचं सांगताना दिसतात, पण मी पोचेपर्यंत विषय बदललेला असतो. मागच्या आठवड्यात न राहवून मीच म्हणालो, "चाचा, त्या गुरांचं पुन्हा सांगा ना."

ते हसले. "तुमाला तर समदं ठाऊकच हाय की, सर," म्हणाले, आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला.