रॉकेटचे डोळे

स्प्रे पेंटचा वास आला की मला जोहे गावातला आमचा गणपतीचा कारखाना आठवतो. माझं पहिलं मॉडेल रॉकेट मी तिथेच बनवलं. पुठ्ठ्याची नळी पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, रंगवली. आणि मूर्तींचे डोळे आखणाऱ्या आईने न विचारता रॉकेटलाही दोन डोळे काढले. मी जाम चिडले.

"डोळं नसलं तं त्याला वाट कशी दिसंल गो?"

कारखान्यामागच्या कापलेल्या शेतातून रॉकेट सुसाट वर गेलं, पॅराशूटची छत्री उघडली, सगळे कारागीर ओरडले. आई मात्र दारात खाली मान घालून ब्रश पुसत होती.

"आई, बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? डोळं मी काढलेत."

आज माझं नवं रॉकेट रंगवून वाळलंय. आता फक्त डोळे राहिलेत.